सत्तावन्न सालचा माझा क्रम

१९५७ सालच्या हिंदी चित्रपटसंगीताचा माझा क्रम असा आहे: पहिला 'देख कबीरा रोया', दुसरा 'प्यासा', तिसरा 'नया दौर', चौथा 'दो आँखें बारह हाथ', पाचवा 'मदर इंडिया' आणि सहावा 'पेइंग गेस्ट'. कागदावर लिहून, खाली सही करून दिलेला आहे. ज्यांच्या हाती दिला त्यांतल्या बहुतेकांना तो पटलेला नाही, विशेषतः वरचे दोन. म्हणून तो सविस्तर मांडावासा वाटतो.

आमचा पुण्यात गाणी ऐकणाऱ्यांचा एक गट आहे. एक निवृत्त मुख्याध्यापिका, तबला वाजवणारा एक दंतवैद्य, बँकेत नोकरी केलेले दोघे, एक तरुण मुलगी जिला आमच्यापेक्षा जास्त गाणी तोंडपाठ आहेत, आणि मी. वर्षभर अधूनमधून भेटायचं, ऐकायचं, आणि डिसेंबरच्या अखेरीस आधीच ठरवलेल्या एका जुन्या सालाचा निकाल लावायचा. प्रत्येकानं सहा चित्रपट निवडायचे, क्रमानं लिहायचे, कारणं सांगायची. नियम दोनच, पण कडक. सुटं गाणं चालणार नाही, चित्रपटाची सगळी गाणी मिळून एक धरायचं. आणि निवडलेल्या चित्रपटातलं एकही गाणं न ऐकता सोडायचं नाही, मग ते कितीही भरीचं असो.

सुट्या गाण्यांची यादी करणं मला आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. सुटं गाणं आपल्याकडे येतं तेव्हा आपलंच कायकाय घेऊन येतं: कुणाचं लग्न, कुठला प्रवास, कुणाच्या घरचा रेडिओ. त्या आठवणींना आपण गुण देतो आणि ते गाण्याच्या नावावर मांडतो. चित्रपटाची सगळी गाणी एका बैठकीत ऐकली की मात्र संगीतकार समोर येतो. त्यानं विनोदी गाण्याला किती जीव लावला, कोरसला कुठे थांबवलं, नायिकेचं गाणं आणि रस्त्यावरच्या बाईचं गाणं यांत कसा फरक केला, हे तेव्हाच कळतं. सगळ्यात सुंदर गाण्यावरून संगीतकाराची प्रतिभा कळते. त्याची निष्ठा कळायला सगळ्यात कमी महत्त्वाचं गाणं ऐकावं लागतं.

त्या सालात मात्र असं कुणी ऐकत नव्हतं. गाणी ७८ गतीच्या तबकड्यांवर यायची. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, म्हणजे एका तबकडीत दोन गाणी. 'मदर इंडिया'ची बारा गाणी घरी आणायची तर कमीत कमी सहा तबकड्या, आणि तेवढी ऐपत किती घरांत होती? पडद्यावरचं गाणं पुष्कळदा तबकडीवरच्या गाण्यापेक्षा लांब असायचं; एखादं कडवं, एखादा वाद्यमेळाचा तुकडा तबकडीत मावायचा नाही. त्यामुळे चित्रपटगृहातलं गाणं वेगळं आणि घरातलं वेगळं. लाँगप्लेवर अख्ख्या चित्रपटाची गाणी एकामागून एक ऐकायची सवय नंतरची. आमच्या पिढीनं ती कॅसेटवर घेतली.

रेडिओचंही तेच. 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवर १९५२च्या अखेरीस सुरू झाली आणि तिनं देशाला गाण्यांची क्रमवारी लावायला शिकवलं. अमीन सयानींच्या आवाजातल्या त्या पायऱ्या कुणाच्या कानांत नाहीत? पण ती क्रमवारी सुट्या गाण्यांची होती. १९५७ची वार्षिक सरताज ठरलं 'जनम जनम के फेरे'मधलं रफी-लताचं द्वंद्वगीत, संगीत एस. एन. त्रिपाठी. गाणं सुंदर आहे. त्याच चित्रपटातलं मन्ना डेंचं तंबोऱ्याचं भजन मला त्याहूनही आवडतं. पण बाकीची गाणी मला धरून ठेवत नाहीत, म्हणून देशाचा पहिला नंबर माझ्या सहांत नाही.

सिलोनकडे श्रोते गेले ते आपल्याच सरकारमुळे. १९५२पासून आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दारं बंद होती. नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे. त्यांच्याबद्दल गाणीप्रेमी मंडळी फार कडवट बोलतात. मला तसं बोलवत नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि ज्यांना मैफलीचं तिकीट कधीच परवडलं नसतं अशा घरांत मोठे गवई पोचले. त्यांचं प्रेम खरं होतं, पण सिनेमाकडे त्यांनी नीट कान देऊन पाहिलं नाही. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं सरकारी रेडिओवर सन्मानानं परतली. ज्या सालात हे झालं त्याच सालात मन्ना डे सिनेमात जयजयवंती गात होते, लता अहिर भैरव गात होती. केसकरांना जे देशाच्या कानावर पडायला हवं होतं, ते सिनेमावाले आधीच ऐकवत होते.

आता क्रमाकडे.

'नया दौर'ला तिसरा क्रमांक देताना माझा हात थोडा थांबला होता, कारण आनंदाचं एवढं मोठं भांडार त्या सालात दुसरं नाही. ओ. पी. नय्यरला टांग्याचा ठेका फार प्रिय. घोड्याच्या टापांवर चाल बसवायची पद्धत सिनेमात त्याच्याही आधीपासून होती, पण ओपीनं ती आपली ओळख केली. 'नया दौर'मध्ये मात्र टांगा हीच गोष्ट आहे. गावात बस येते, टांगेवाल्यांचं पोट जायची वेळ येते, आणि शेवटी टांगा आणि बस यांची शर्यत लागते. म्हणजे रफी आणि आशा टांग्यात बसून साथ मागण्याचं ते गाणं म्हणतात, तेव्हा टापांचा आवाज नुसता ताल उरत नाही, जे जाणार आहे त्याचाच तो आवाज असतो. ओपीची सवय आणि बी. आर. चोप्रांचा विषय असे एकमेकांवर येऊन बसले. हा योग सारखा येत नाही. मोठ्या चित्रपटातल्या नायिकेचा आवाज म्हणून आशा खऱ्या अर्थानं उभी राहिली ती इथंच. ओपीनं लताला आयुष्यभर एकही गाणं दिलं नाही. 'नया दौर' ऐकताना त्याला त्याची गरज का वाटली नसावी हे समजतं. ढोलकीवर आशाचा आवाज असा काही उसळतो की तिथं दुसरा आवाज कल्पनेतही येत नाही. त्या वर्षीचा फिल्मफेअर पुरस्कारही ओपीला याच चित्रपटासाठी मिळाला.

याच गाण्यांचा कवी साहिर, आणि 'प्यासा'चाही साहिर. एकाच वर्षात त्यानं रस्ता बांधणाऱ्या हातांचं गाणं लिहिलं आणि त्याच वर्षी सगळी दुनिया नाकारणाऱ्या माणसाचंही लिहिलं. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होती, आणि एकाच माणसाच्या लेखणीत आशा आणि संताप दोन्ही पूर्ण ताकदीनं नांदत होते. यांतला कुठला साहिर खरा, असा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला तेव्हा मी म्हटलं, दोन्ही. त्या दहाव्या वर्षी देशही दोन्ही होता.

'दो आँखें बारह हाथ'वर आमच्यात फार बोलणं झालं. चित्रपट व्ही. शांतारामांचा, कथा गदिमांची, आणि मूळ घटना औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची, जिथं कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा प्रयोग झाला. संगीत वसंत देसाईंचं. ते सावंतवाडीकडचे, प्रभातपासून शांतारामांबरोबर राहिले, आणि 'शकुंतला', 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', 'झनक झनक पायल बाजे' असा त्यांचा एकत्र प्रवास. इतकी मराठी माणसं एका चित्रपटात, म्हणून तो वर हवा, असा आग्रह होता. मी तो मानला नाही. आपला माणूस म्हणून गुण वाढवून दिले तर त्या माणसाच्या कामाचं आपण नीट ऐकलंच नाही असं होतं.

पण वसंत देसाईंच्या कामात एक गोष्ट अशी आहे की ती दुसऱ्या कुणाला साधली नसती. खेळणी विकणाऱ्या बाईचं गाणं तिच्या हातातल्या खेळण्याच्या आवाजातूनच निघतं. लहान मुलाच्या हाती देतात तसलं ते टकटक वाजणारं खेळणं. त्याच्या आवाजाला धरून लता गाते, आणि उजाड माळावर एकटी बाई चालली आहे हे डोळे मिटूनही दिसतं. मोठा वाद्यवृंद नाही, सजावट नाही. पुढे पाऊस येतो तेव्हा मन्ना डे आणि लता यांच्या आवाजात सगळा माळच गाऊ लागतो. त्या पावसाच्या गाण्याची भरती मोठी वाटते ती आधीच्या त्या कोरड्या आवाजामुळे.

आणि ती प्रार्थना. आमच्यातल्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्या गाण्यावरच्या चर्चेत गप्प होत्या. कुणीतरी म्हणालं, "चाल फार सोपी आहे, संगीत म्हणून त्यात विशेष काय?" तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही ते गाणं ऐकता. मी ते रोज सकाळी मुलांकडून म्हणून घेतलंय. पाचवीच्या पोराला, ज्याला सूर म्हणजे काय ठाऊक नाही, त्याला जी चाल दुसऱ्या दिवशी येते, ती करायला काय लागत असेल याचा विचार करा." मग त्यांनी ती पहिली ओळ हळू म्हणून दाखवली आणि सूर कुठेही फार लांब उडी मारत नाही, एका पायरीवरून शेजारच्या पायरीवर कसा जातो, ते बोटानं हवेत काढून दाखवलं. वसंत देसाईंनी पुढे हजारो शाळकरी मुलांना एकत्र उभं करून समूहगान शिकवलं. त्याची तयारी या चालीत आहे. माझा क्रम त्यानंतरही बदलला नाही, पण चौथ्या क्रमांकाला मी जे कारण लिहिलं होतं ते मी बाईंच्या शब्दांत पुन्हा लिहून काढलं.

'मदर इंडिया' पाचवा. नौशादचं काम फार मोठं आहे आणि त्याचा पसाराही मोठा आहे. बारा गाण्यांतली काही मला लांबतात, हे मोकळेपणानं सांगतो. पण लता, मीना आणि उषा या तिघी मंगेशकर बहिणी आई आणि तिच्या लेकरांसाठी एकत्र गातात ते गाणं, आणि दुःखाचे दिवस सरल्याचं ते शमशाद, आशा, रफी आणि मन्ना डे अशा चौघांचं गाणं, ही दोन कुठल्याही सालाच्या डोक्यावर ठेवावीत अशी आहेत. दुसऱ्या गाण्यात चार वेगळ्या पोतांचे आवाज आळीपाळीनं येतात आणि पीक उभं राहावं तसं गाणं वाढत जातं. सासरी जाणाऱ्या मुलीच्या गाण्यात शमशादच्या आवाजाला जी मातीची धार आहे, ती पुढे आपण सिनेमातून हरवून बसलो. त्या दशकाच्या अखेरीपासून तिला गाणी कमी मिळत गेली. 'मदर इंडिया'त ती पूर्ण तेजात आहे.

'पेइंग गेस्ट'चं थोडक्यात सांगतो. सचिनदेव बर्मन, म्हणजे आपले सचिनदा, यांनी त्या एका सालात 'प्यासा', 'पेइंग गेस्ट' आणि 'नौ दो ग्यारह' हे चित्रपट दिले, आणि तिन्हींचा चेहरा वेगळा. 'पेइंग गेस्ट'मध्ये किशोरच्या मस्तीत आशा एका गाण्यात नुसती गुणगुणते, शब्द एकही नाही, आणि त्या गुणगुणण्यानं गाणं पूर्ण होतं. त्याच चित्रपटात लताचं चंद्राचं विरहगीत. त्या सुमारास लता आणि सचिनदा यांच्यात दुरावा आला आणि पुढची काही वर्षं ते एकत्र आले नाहीत. ते ठाऊक असल्यामुळे हे गाणं मी जरा जास्तच सावकाश ऐकतो.

'प्यासा' दुसरा का, हा खरा वाद. दंतवैद्य मित्रानं माझा कागद हातात घेऊन विचारलं, "हे खरंच लिहिलंयस?" खरंच लिहिलंय. आणि 'प्यासा'वर माझं त्याच्याइतकंच प्रेम आहे.

सचिनदांनी 'प्यासा'त जे केलं त्याहून जे केलं नाही ते थोर आहे. साहिरचे शब्द हे या चित्रपटाचं रक्त. वेश्यावस्तीतलं गाणं त्याच्या 'तल्ख़ियाँ' या संग्रहातल्या 'चकले' या कवितेवरून आलेलं. जड उर्दू ध्रुपद सोपं केलं, बाकी दाह तसाच ठेवला. अशा कवितेवर चाल चढवायची म्हणजे संगीतकाराला मोह पडतो: इथं एक आलाप, तिथं सारंगी. सचिनदांनी तो मोह आवरला. एका मैफलीत नायक, कवी विजय, जे ऐकवतो त्याला साथीला एकही वाद्य नाही, रफीचा उघडा आवाज आहे आणि त्याच्याभोवती लोकांची शांतता. शेवटच्या सभेतलं गाणं इतकं खालून, इतकं एकट्यानं सुरू होतं की हा माणूस कुठवर जाणार याचा अंदाजच येत नाही. वाद्यमेळ उशिरा येतो, माणसांचा लोंढा यावा तसा, आणि तोपर्यंत रफी वर पोचलेला असतो. हेमंतकुमारच्या आवाजातलं मेजवानीतलं गाणंही तसंच. नायक तिथं नोकराच्या जागी उभा आहे आणि गातो आहे. आवाज चढत नाही, कुणाकडे दाद मागत नाही.

आणि गीता दत्तचं कीर्तन. हे गाणं मी कुणाला समजावून सांगायचं तर मान खाली घालून सांगेन इतकं ते मला मोठं वाटतं. बंगाली कीर्तनाचा ढंग, खोलाचा घुमारा, रस्त्यात गाणारी एक वैष्णवी. गाणं तिचं आहे, पण ऐकते आहे गुलाब, विजयवर जीव जडलेली वेश्या. ती जिना चढते. गच्चीवर विजय पाठमोरा उभा आहे. खोलाची लय वाढते, कोरस मिसळतो, गुलाब त्याच्या अगदी जवळ येऊन पोचते, तिचा श्वास त्याच्या पाठीला लागेल इतकी जवळ, आणि परत फिरते. त्याला काहीच कळत नाही. कीर्तनात लय चढते ती माणसाचं भान हरपावं म्हणून. इथं लय चढत जाते आणि या बाईला आपण कोण आहोत याचं भान येतं. रूढ ढंगातून त्याच्या अगदी उलट अर्थ काढायचा, आणि ढंगाला कुठेही ओरखडा येऊ द्यायचा नाही, हे फक्त सचिनदांना जमलं.

मग पहिला का नाही? माझ्या निकषाला एक गाणं अडतं. रफी-गीताचं ते स्वप्नातलं, धुरातलं, पाश्चात्त्य नाचाच्या वळणाचं द्वंद्वगीत. ऐकायला अतिशय गोड आहे. पण ते गुरुदत्तच्या आधीच्या हसऱ्या चित्रपटांतून चुकून इकडे आल्यासारखं वाटतं. मालिशवाल्याचं गाणं तसं वाटत नाही, ते त्याच रस्त्यावरचं आहे, त्याच उपाशी शहरातलं आहे. हे स्वप्न तेवढं परकं राहतं. एवढ्या एका गाण्यासाठी 'प्यासा'ला खाली ढकलणं मित्राला अन्याय वाटतं. पण सगळी गाणी मिळून एक धरायचं ठरलं असेल तर ते असंच, पूर्णपणे धरायला हवं.

'देख कबीरा रोया' हा चित्रपट आज फारसा कुणी पाहत नाही. अमिय चक्रवर्तींचा, आणि ते त्याच साली गेले. त्यांचा 'कठपुतली' नितीन बोसना पुरा करावा लागला. गोष्ट हलकीफुलकी: तीन तरुण, एक चित्रकार, एक गायक, एक लेखक, आणि तीन तरुणी, ज्यांच्या मनातल्या प्रियकराची कल्पना आधीच ठरलेली. जिला गाणारा हवा तिला भलताच भेटतो, आणि मग एकमेकांच्या कला उसन्या घेऊन सोंगं चालतात. अनुपकुमार, दलजीत, जवाहर कौल, अनिता गुहा, अमिता, शुभा खोटे. मोठा नट एकही नाही. मागे आहे ती राजेंद्र कृष्णची सरळ, ओघवती शब्दरचना आणि मदन मोहन.

मदन मोहन तेव्हा तेहतीस वर्षांचा. सैन्यातून बाहेर पडून लखनौच्या आकाशवाणीत नोकरी केलेला; तिथं मोठमोठे गवई आणि गझल गाणाऱ्या बाया यांच्या सहवासात त्याचा कान घडला. त्याला आयुष्यात फिल्मफेअरचा पुरस्कार कधीच मिळाला नाही. १९५७ साली तर तो मोठ्या बॅनरच्या रांगेतही नव्हता. आणि या हलक्या गोष्टीच्या चित्रपटासाठी त्यानं जे केलं, ते मी किती वेळा ऐकलं तरी मला नवीन वाटतं.

मनाच्या दारी कुणीतरी आल्याचं मन्ना डेंचं गाणं रागेश्रीत आहे. न आल्याचं, न बोलावल्याचं तलतचं गाणं बागेश्रीच्या छायेतलं. हे दोन राग एकमेकांच्या फार जवळचे. दोघांचा निषाद कोमल, धैवत शुद्ध. ठळक फरक गंधाराचा: बागेश्रीत तो कोमल, रागेश्रीत शुद्ध. म्हणजे एकाच चित्रपटात, एका स्वराच्या अंतरावर, कुणीतरी आलं आहे आणि कुणीतरी आलेलं नाही. हे मला एका रात्री ही दोन गाणी लागोपाठ ऐकताना जाणवलं आणि मी हार्मोनियम काढून गंधार आलटून पालटून दाबत बसलो. शुद्ध गंधारावर मन्ना डेंचा आवाज दार उघडल्यासारखा मोकळा होतो. कोमलावर तलतचा आवाज कापतो, आणि ते कापणं तिथं असायलाच हवं असं वाटतं.

मग तिसरं गाणं लावलं, मन्ना डेंचंच, रात्र वैरीण झाल्याचं. ते जयजयवंतीत. आणि जयजयवंतीत गंधार दोन्ही लागतात. शुद्धही, कोमलही. वाट पाहणाऱ्याच्या रात्रीत येणं आणि न येणं दोन्ही शक्यता एकत्रच जागत असतात, आणि त्या स्वरांत त्या दोन्ही आहेत. मदन मोहननं हे ठरवून केलं का, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. राग हे ज्याच्या अंगात मुरलेले असतात त्याला प्रसंग सांगितला की हात आपोआप योग्य स्वरावर जातो.

लताचं अहिर भैरवातलं वीणेचं गाणं याच चित्रपटातलं. पहाटेचा राग, कोमल रिषभावर ती जे थोडंसं थांबते ते ऐकून आमच्यातली तरुण मुलगी पुढचं काही बोललीच नाही, तिनं फक्त ते गाणं पुन्हा लावलं. आशाचं अश्रूंनी चित्र काढल्याचं गाणं आहे. लताचं आणखी एक आहे, भैरवीच्या अंगाचं, प्रेम करा नाहीतर झिडकारा असं म्हणणारं. सगळी ऐकली. एकही सोडावंसं वाटलं नाही, एकही परकं वाटलं नाही. सोंगांच्या, गैरसमजांच्या, उसन्या कलांच्या गोष्टीत एकच गोष्ट खरी ठेवायची असं संगीतकारानं ठरवलं होतं आणि ती म्हणजे सूर. पडद्यावर कोण कुणाचं सोंग घेतो आहे हे विसरलं तरी चालतं, गाणारा खोटं बोलत नाही. म्हणून पहिला.

जे सुटले त्यांची हळहळ आहेच. सलील चौधरींचा 'मुसाफ़िर', हृषीकेश मुखर्जींचा पहिला चित्रपट, ज्यात लताबरोबर स्वतः दिलीपकुमार गातो. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे 'आशा' आणि 'शारदा'. 'शारदा'त लता आणि आशा चंद्राला उद्देशून एकत्र गातात, दोघींच्या आवाजांत तेव्हा किती अंतर होतं आणि किती जवळीक होती ते त्यात कळतं. चित्रगुप्तचा 'भाभी'. 'तुमसा नहीं देखा', ज्यानं शम्मी कपूरला शम्मी कपूर केलं. हे सगळं एका सालात. सहा जागा फारच कमी आहेत, पण सातवी मागायची नाही हेही आमच्यात ठरलेलं आहे.

पुढच्या डिसेंबरसाठी १९५८ घेतलं आहे आणि मी आत्ताच अडचणीत आहे. 'मधुमती', 'यहूदी', 'फिर सुबह होगी', 'चलती का नाम गाड़ी', 'काला पानी', 'हावड़ा ब्रिज'. आणि पुन्हा मदन मोहन: 'अदालत'. त्यातल्या लताच्या तीन गझला लागल्या की बाकी सालाकडे लक्षच जात नाही. पण तीन गझला म्हणजे चित्रपट नव्हे, बाकीच्या गाण्यांचं काय, असं मी स्वतःला बजावतो, आणि तेवढ्यात आशा आणि गीता मलमलीच्या दुपट्ट्याचं गाणं घेऊन आडव्या येतात. दंतवैद्य मित्रानं 'मधुमती'वर पान भरून लिहिलंय. माझा कागद अजून कोरा आहे. 'अदालत'ची सगळी गाणी मी पुन्हा पहिल्यापासून ऐकतो आहे.